बॉक्सचे ओझे आणि बेंजोचा आवाज



गायन पार्टीचे कौतुक होते ते गाणाऱ्याचे, फार तर ढोलकीवाल्याचे. कार्यक्रम संपला, शाल-पुष्पगुच्छ झाले, की लोक घरी जातात आणि आम्ही वायरी गुंडाळायला बसतो. सामान कोणी वाहिले हे कोणी विचारत नाही, आणि विचारावे अशी आमची अपेक्षाही नाही. पण गेल्या वर्षभरात आमच्या पार्टीत चालींपेक्षा जास्त चर्चा झाली ती एका स्पीकर बॉक्सच्या वजनावर. त्या चर्चेतून आणि धावपळीतून जे हाती लागले ते वस्तीवस्तीतल्या इतर पार्ट्यांच्या उपयोगी पडेल, म्हणून हा लेखनप्रपंच.

आपण ज्याला बेंजो म्हणतो तो अमेरिकेतला गोल चामड्याचा बँजो नव्हे. आपला बेंजो म्हणजे बुलबुल तरंग. टाईपरायटरसारख्या कळा दाबायच्या आणि दुसऱ्या हाताने तारा छेडायच्या. याचे मूळ जपानमध्ये आहे. १९१२ साली नागोया शहरात गोरो मोरिता यांनी तैशोगोतो नावाचे हे वाद्य तयार केले. पुढे ते आपल्याकडे आले आणि इथल्या कष्टकरी वस्त्यांत असे रुजले की आता कोणाला ते परके वाटत नाही. हार्मोनियमपेक्षा स्वस्त, शिकायला सोपे आणि आवाजाला धार. त्याला पिकअप बसवला की ते जवळपास विजेच्या गिटारसारखेच वागते. म्हणून त्याला अॅम्प्लिफायर लागतो तोही गिटारचा, आणि बॉक्सही गिटारचाच.

भीमराव कर्डकांच्या आंबेडकरी जलशाच्या काळी हा प्रश्नच नव्हता. ढोलकी, टाळ, तुणतुणे खांद्याला अडकवायचे आणि गावोगाव चालायचे. विजेचा तर पत्ताच नव्हता, आवाज जायचा तो गळ्याच्या जोरावर. वामनदादा कर्डकांनी (१९२२–२००४) महाराष्ट्र पालथा घातला तोही असाच. आमची पिढी मात्र विजेवर वाढली. बेंजो तारेतून वाजला नाही तर आमच्या वस्तीतल्या लोकांना कार्यक्रम सुरू झाला असे वाटतच नाही.

आमच्याकडचा बॉक्स एका बंद पडलेल्या ऑर्केस्ट्राकडून घेतलेला. त्यात बारा इंची दोन स्पीकर. आम्ही कल्याणच्या पलीकडचे. कार्यक्रम मुंबईत असला की लोकलच्या लगेजच्या डब्यातून जायचे, पूल चढायचा, पूल उतरायचा, आणि परतताना शेवटची गाडी पकडण्यासाठी धावायचे. बॉक्स नेहमी बेंजो वाजवणारे काकाच उचलत. वाद्य माझे, बॉक्सही माझा, असा त्यांचा हिशेब. मागच्या पावसाळ्यात त्यांचे हर्नियाचे ऑपरेशन झाले. डॉक्टरांनी सांगितले की यापुढे दहा किलोच्या वर काही उचलायचे नाही. काका आम्हाला म्हणाले, "अरे, मग मी घरीच बसतो. दुसऱ्याने माझे ओझे वाहायचे आणि मी मोकळ्या हाताने स्टेजवर चढायचे, हे मला जमायचे नाही."

दुसरी गोष्ट त्यांच्या भाचीची. ती विहारात मामाकडे बेंजो शिकते. बोट इतके साफ की आमच्यातले जुने लोक मान डोलावतात. पण तिला पार्टीत घ्यायची वेळ आली तेव्हा एक-दोघांनी स्पष्टच म्हटले, "पोरगी वाजवेल हो, पण बॉक्स कोण उचलणार?" म्हणजे बोटांची परीक्षा ती पास झाली आणि नापास झाली ती खांद्यांच्या परीक्षेत! ही अट कोणी लिहून ठेवलेली नव्हती. पण आमच्या भागातल्या पार्ट्यांत मुली गायला दिसतात आणि वाजवायला दिसत नाहीत, त्याचे निम्मे कारण तरी या अटीत आहे असे आमचे मत झाले आहे. राहिलेले निम्मे काय, ते वाचकांना ठाऊक आहे.

तेव्हा हलके स्पीकर घ्यायचे ठरले. पण पैसे काढण्याआधी आम्ही बॉक्स उचलून शेजारच्या भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवला. एकूण भरला २९ किलो. मग स्पीकर काढून वेगळे तोलले. एकेक ४ किलो ७०० ग्रॅम. दोन्ही मिळून साडेनऊच्या आत. म्हणजे साडेएकोणीस किलो नुसते लाकूड, तेही १८ मिलिमीटरचे भुशाचे बोर्ड, वर रेक्झिन आणि लोखंडी कोपरे. हा हिशेब प्रत्येक पार्टीने आधी करावा. नुसते स्पीकर बदलले असते तर आमचे २९ चे साडेतेवीस झाले असते, आणि साडेतेवीस किलो काकांना वर्ज्यच होते.

आता स्पीकर जड का असतो ते पाहू. कागदाचा कोन आणि त्याला चिकटलेली तारेची कॉइल यांचे वजन अगदी थोडे. जड असते ते लोहचुंबक, त्याच्या वरखालच्या लोखंडी चकत्या आणि थोडीफार सांगाड्याची चौकट. पूर्वी अल्निको नावाच्या मिश्रधातूचे चुंबक वापरत. त्यात कोबाल्ट लागते. १९७८ मध्ये आफ्रिकेतल्या झैरेच्या शाबा प्रांतात लढाई पेटली, तिथल्या खाणींतून येणारे कोबाल्ट महागले आणि स्पीकरवाल्यांनी मोठ्या प्रमाणावर फेराइटचा रस्ता धरला. फेराइट स्वस्त, पण जोर कमी, म्हणून आकार मोठा. आपण स्पीकरच्या पाठीमागे जी काळी जाड भाकरी पाहतो ती हीच. पुढे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये मासातो सागावा यांनी आणि त्याच सुमारास अमेरिकेत जनरल मोटर्सच्या संशोधकांनी निओडिमियम, लोखंड आणि बोरॉन यांचे चुंबक बनवले. त्याचा जोर इतका की छोटीशी वडी त्या भाकरीचे काम करते. त्यामुळे बारा इंची गिटार स्पीकर साडेतीन ते पाच किलोवरून दोन किलोच्या आसपास आला.

फायदा आहे तसा त्रासही आहे. पहिला किमतीचा. हे धातू काढण्यात चीनचा मोठा वाटा आहे. २०१०-११ मध्ये तिथून निर्यात आवळली गेली तेव्हा भाव एकदम भडकले होते. दुसरा उष्णतेचा. साध्या प्रतीचे निओडिमियम चुंबक ८० अंशांच्या पुढे जोर गमावू लागते, फेराइट त्याहून बरीच उष्णता सोसते. स्पीकर जोरात वाजला की कॉइल तापते, आणि ती असते चुंबकाला खेटूनच. चांगल्या कंपन्या उष्णता बाहेर जाण्याची सोय करतात. तरी आपण वॅट मोजताना हात आखडता घेऊ नये. आमचा अॅम्प १०० वॅटचा, म्हणून दोन्ही स्पीकर मिळून निदान १२० वॅट सोसणारे हवेत असे ठरवले. आणि एप्रिलच्या उन्हात टेम्पोत बॉक्स तापत ठेवायचा नाही, हा नियम केला.

लॅमिंग्टन रोडला दोन फेऱ्या झाल्या. पहिल्या दुकानदाराने लाऊडस्पीकरच्या कामाचा हलका बारा इंची पुढे केला. म्हणाला, "सगळे एकच असते, साहेब." ते एकच नसते. गिटारचा स्पीकर साधारण पाच हजार हर्ट्झच्या वर आवाज झपाट्याने सोडून देतो. बेंजोच्या तारांची जी किरकिर आणि नखीचा जो खरखराट असतो तो तिथेच गळतो, म्हणून आवाज कानाला गोड लागतो. गाण्याच्या माईकसाठी बनवलेला स्पीकर मात्र तो सगळा खरखराट इमानाने ऐकवतो. याच कारणाने उलटा प्रयोगही करू नये, बेंजोच्या बॉक्समध्ये गाण्याचा माईक घालू नये. शब्द तोंडात रुमाल धरून बोलल्यासारखे येतात, आणि आपल्या गाण्यात शब्दच ऐकू आले नाहीत तर उरले काय?

दुसरा मुद्दा वॅटचा. आपल्याकडे वॅट म्हणजे आवाज अशी समजूत आहे. वॅट म्हणजे स्पीकर किती सोसतो, किती मोठ्याने बोलतो ते नव्हे. ते पाहायचे तर कागदावर सेन्सिटिव्हिटी नावाचा आकडा असतो, एका वॅटला एक मीटरवर किती डेसिबल. गिटार स्पीकरमध्ये हा आकडा बहुधा ९७ ते १०२ च्या दरम्यान सापडतो. तीन डेसिबलचा फरक म्हणजे वॅट दुप्पट केल्याइतका. १०० डेसिबलचा स्पीकर पन्नास वॅटवर जे करतो तेच करायला ९७ वाल्याला शंभर लागतात. आमच्या जुन्या स्पीकरचा आकडा १०० होता. म्हणून नवा हलका असेल पण ९७ च्या खाली असेल तर नको, असे आम्ही ठरवले. शिवाय रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद हा २००० सालच्या नियमांचा दंडक आहे, वर्षातले थोडे दिवस सरकार बारापर्यंत सूट देते ते सोडून. मोठ्या मंडपात साऊंडवाला आमच्या बॉक्ससमोर माईक लावतोच. बॉक्सला सगळे मैदान भरायचे नसते. तो एकटा पडतो नामकरणाला, लग्नाच्या आदल्या रात्री, पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला, आणि तिथे माणसे असतात शे-दीडशे.

तिसरा मुद्दा ओहमचा, आणि इथे पैसा वाचवणारे अॅम्प जाळून बसतात. आमच्या ट्रान्झिस्टर अॅम्पच्या पाठीवर लिहिले आहे, चार ओहमच्या खाली जाऊ नये. आठ-आठ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की चार होतात, एकामागून एक जोडले की सोळा. सोळा-सोळाचे समांतर जोडले की आठ. चार-चारचे समांतर जोडले तर दोन होतात, आणि मग अॅम्प तापून बसलाच समजा. व्हॉल्व्हचा अॅम्प असेल तर आणखी जपावे. तो स्पीकर न जोडता चालू करून वाजवला तर आतला ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो. दुकानात मीटर लावून पाहिले तर आठ ओहमचा स्पीकर सहा-सातच दाखवतो. ती फसवणूक नव्हे, तारेचा नुसता रोध तेवढाच असतो. खऱ्या फसवणुकीसाठी सोबत काटा न्यावा. "निओ" म्हणून दिलेला स्पीकर चार किलो भरला तर त्याला नम्रपणे परत ठेवावे.

नावांबद्दल वाचक विचारतील. इंग्लंडच्या सेलेस्टिअनचा निओ क्रीमबॅक, अमेरिकेच्या एमिनेन्सचा लिल टेक्सास आणि जेन्सेनचा टोर्नेडो, हे तिन्ही निओडिमियमचे आणि दोन किलोच्या आसपासचे. पहिला ६० वॅटचा, दुसरा १२५ चा. आमचे जुने होते ते सेलेस्टिअनचे व्हिंटेज थर्टी, ६० वॅट. आम्ही निओ क्रीमबॅकची जोडी घेतली. दोन जयंत्यांच्या सुपाऱ्यांची शिल्लक त्यात गेली, तरी थोडी उधारी राहिलीच. ज्यांना एवढे झेपत नाही त्यांनी फेराइटचाच पण लहान चुंबकाचा, साडेतीन किलोच्या आसपासचा कमी वॅटचा स्पीकर पाहावा आणि अॅम्पचा आवाज बेताने ठेवावा. हलकेपणासाठी कर्ज काढावे असे आमचे मुळीच म्हणणे नाही.

पैसे देण्याआधी खरा अडथळा होता तो काकांच्या कानाचा. "हलक्या स्पीकरला छाती नसते," हे त्यांचे ठाम मत. म्हणून दुकानदाराची परवानगी घेऊन आम्ही आमचा अॅम्प, आमचा बेंजो आणि जुना बॉक्स तिथेच नेला. (हमाली पडली, पण शेवटचीच म्हणून दिली.) काकांना पाठमोरे बसवले, भाचीने एकच चाल दोन्हींवर आलटून-पालटून वाजवली. आवाजाचे बटण हलवले नाही. तीन वेळा विचारले. दोन वेळा काकांनी बरोबर ओळखले, एकदा चुकले. आम्हा बाकीच्यांना काहीच ओळखता आले नाही, ते सोडा. काका म्हणाले, "नव्याचा वरचा सूर जरा टोचतो, खालचा जरा बारीक आहे." खोटे नव्हते. मग ट्रेबल थोडा कमी केला, बास थोडा वाढवला, आणि पुन्हा ऐकले. बराच वेळ ते बोलले नाहीत. शेवटी भाचीला म्हणाले, "बेटा, तुझा हात या स्पीकरवर बरा वाटतो. तू यावरच वाजव." भाची म्हणाली, "मामा, तुम्हीही यावरच वाजवायचे." ते हसले, पण हो म्हणाले नाहीत.

आता लाकूड. सुताराला आम्ही एक मोठा बॉक्स सांगितला नाही, दोन लहान सांगितले. प्रत्येकात एकच स्पीकर, अठरा इंच रुंद, अठरा उंच, अकरा खोल, १२ मिलिमीटरचा चांगला प्लाय, पाठ अर्धी उघडी. पाठ उघडी ठेवल्याने खालचा सूर थोडा जातो, पण मागे बसलेल्या ढोलकीवाल्याला आणि कोरसला बेंजो ऐकू येतो. ते आम्हाला जास्त मोलाचे. सुतार १२ मिलिमीटरला नाक मुरडत होता. आतून कोपऱ्यांना आणि मधे पट्ट्या मारायला लावल्या, मग लाकूड थरथरत नाही. तयार झाल्यावर पुन्हा तोच काटा. एक बॉक्स साडेनऊ किलो. दोन्ही आठ ओहमचे, दोन्ही जोडले की चार. एखादा वाटेत बिघडला तर एकट्यावरही कार्यक्रम निभतो, आवाज थोडा कमी एवढेच.

बसवताना दोन गोष्टी सांभाळाव्यात. निओडिमियमच्या जवळ स्क्रू-ड्रायव्हर नेला की तो हातातून खेचला जातो आणि कोनाला भोक पडू शकते. म्हणून आधी हाताने स्क्रू बसवावेत, ड्रायव्हर दोन्ही हातांनी धरावा, आणि लोखंडाचा कीस असलेल्या सुताराच्या टेबलावर स्पीकर उघडा ठेवू नये. दुसरे म्हणजे अधिक-उणे. दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावून पाहावा. सेलचे अधिक टोक स्पीकरच्या अधिक टोकाला लागले की कोन पुढे सरकला पाहिजे. काही जुन्या परदेशी स्पीकरना हे उलटे असते. दोन स्पीकर एकमेकांच्या विरुद्ध हलू लागले तर खालचा सूर खाऊन टाकतात आणि माणूस दोष स्पीकरला देतो.

जुना जड बॉक्स विकला नाही. त्यात जुने स्पीकर परत बसवून तो विहारात ठेवला आहे. तिथून त्याला कुठे जायचे नाही, म्हणून त्याच्या वजनाचे दुःख नाही. दर रविवारी वंदनेनंतर बेंजोचा वर्ग भरतो. काका म्हणतात तो "छातीचा" आवाज पोरांना तिथे ऐकायला मिळतो. वर्गात सध्या चार मुली आणि तीन मुलगे आहेत.

नव्या बॉक्सचा पहिला कार्यक्रम शहाडच्या पुढच्या एका वस्तीत झाला, घर भरणीचा. पहिल्या मजल्यावरची छोटी गच्ची होती. एक बॉक्स काकांनी उचलला, दुसरा भाचीने. जिन्यात एक ओळखीचे गृहस्थ मदतीला धावले तर काकांनी त्यांना हातातली पाण्याची बाटली दिली. बेंजो मात्र त्या रात्री अर्धा काकांनी वाजवला आणि अर्धा तिने. अदलाबदल करताना त्यांनी तिला ट्रेबल आणखी जरा कमी करायला खुणावले. तिने केला नाही. आम्हाला तिचेच बरोबर वाटले, काकांना अजून वाटत नाही.

बॉक्सना खोळी शिवल्या आमच्याच घरातल्या ताईंनी, जुन्या छत्रीच्या कापडाला आतून गोधडीचे तुकडे लावून. बाजूला वायरीसाठी खिसा आहे. दुसऱ्या खिशात दीड व्होल्टचा सेल.